महाराजांच्या आधी महाराज

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर फिरत होता. आधी पुसट कुजबुज यायची, "दूध बघा जरा," आणि क्षणभरानं घरच्या वारलेल्या बाईंचा खणखणीत आवाज तेच म्हणायचा.

"ऐकलंत?" नादमहाराज डोळे मिटून बोलले. "दुसरा आवाज यंत्राचा. पहिला तिकडून येतो. जीव अडकलाय हो बाईंचा."

लोकांनी हात जोडले. बाईंचे यजमान, सगळ्यांचे नाना, डोळे पुसत होते. दारात उभी असलेली त्यांची लेक दातांची डॉक्टर असूनही दातओठ खात होती. आईमागे हे यंत्र तिनंच चालू ठेवलं होतं. रबरी पट्टा बदलायची, टेप जिथे घासत जाते त्या हेडवरचा मळ स्पिरिटच्या बोळ्यानं काढायची. आईच्या आवाजाच्या टेपचं स्पूल मात्र वर्षानुवर्षं कपाटात तसंच गुंडाळलेलं राहिलं होतं.

पुढच्या रविवारी महाराज त्या स्पूलवर आपला काळा मुक्तिमणी घासणार होते. मग बाई कायमच्या गप्प होतील, म्हणजे सुटल्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे वारलेले यजमान, त्यांच्या टेपवर मणी घासल्यावर, असेच सुटले होते. "एकदम शांत झाले हो," असं काकू ज्याला त्याला सांगत.

मणी कसला, चुंबक! लेकीनं ओळखलं.

"नाना, आईचा आवाज एवढाच उरलाय. तोही पुसून टाकणार?"

"तिला किती दिवस अडकवून ठेवायचं, पोरी?" नाना म्हणाले.

गुपचूप प्रत काढून ठेवता आली असती. पण मग नाना जन्मभर त्या भामट्याचे पाय धरत बसले असते. म्हणून ती गोड हसून महाराजांपुढे गेली. "आपली वाणीही साठवून ठेवू का?" महाराजांना तेवढंच हवं होतं. ते घसा फाटेस्तोवर बोलले. तिनं आवाज मुद्दाम चढा ठेवून ते टेप केलं आणि स्पूल आठवडाभर गरम ॲम्प्लिफायरवर ठेवून दिलं.

रविवारी पुन्हा तीच गर्दी. "आधी महाराजांची वाणी ऐकू," लेक म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

"मी अविनाशी आहे," कुणीतरी कुजबुजलं. मग महाराज गरजले, "मी अविनाशी आहे!"



"महाराज, आपण वारलात कधी?" लेकीनं विचारलं. "कळवायचं तरी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज तपोबलाबद्दल काहीतरी पुटपुटले.

"तपोबल कसलं? टेपची पट्टी थरावर थर गुंडाळलेली असते. ओल्या शाईचं पान मिटलं की समोरच्या पानावर डाग उमटतो, तसा एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. टेप वर्षानुवर्षं पडून राहिली, किंवा आवाज चढा असून तिला ऊब मिळाली, की जास्तच. म्हणून पुढचं बोलणं आधीच पुसट ऐकू येतं." तिनं स्पूल चार वेळा भरभर पुढेमागे फिरवलं. कुजबुज विरळ झाली. "बघा, आत्मा रोडावला."

मग तिनं महाराजांनी टेबलावर काढून ठेवलेल्या मण्याला दात काढायचा चिमटा लावला. तो टचकन चिकटला. महाराज हात पुढे करेपर्यंत तिनं मणी त्यांच्याच प्रवचनावर खसाखसा घासला आणि टेप लावली. नुसती खरखर.

"सुटले महाराज," कुणीतरी म्हणालं आणि सगळी खोली हसली. अविनाशी महाराज चपला शोधू लागले.

काकू तेवढ्या हसल्या नाहीत. "म्हणजे आमचे हे... सुटले नव्हते?"

"काकू, तुम्ही हात जोडून बसला होतात आणि या माणसानं तुमच्यादेखत त्यांचा आवाज पुसला."

काकू उठल्या आणि दार अडवून उभ्या राहिल्या. "परत द्या," त्या महाराजांना म्हणाल्या. "एक वाक्य तरी परत द्या."

महाराज चपला हातात घेऊन मागे सरकले. नानांनी बायकोचं स्पूल उचललं आणि पोटाशी धरलं.

बाबांनो, हात जोडायच्या आधी तोंड उघडा. हे कसं होतं, एवढं विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही, भामटा रागावतो. न विचारल्यामुळे काय जातं ते काकूंना विचारा. त्यांच्या घरी अजून ते कोरं स्पूल आहे.