वर्गातला आडपडदा

मी एक जुना लाकडी आडपडदा आहे. मित्रांनो, सुतारकाकांनी मला घडवलं ते शाळेतल्या नाटकाच्या मंचासाठी. शिसवी लाकूड, पितळी बिजागऱ्या, खाली चाकं. "राजवाड्यात शोभेल!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. मीही फुशारलो. पण दोन-चार नाटकं होतात न होतात तोच मला एका वर्गात नेऊन मधोमध उभं केलं.

का? तर काही आईबाबांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे तक्रार केली होती. आमच्या मुलांनी फुकट शिकणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून का बसावं? वर्ग एक, बाई एक, पण फळा फी भरणाऱ्यांच्या बाजूला. पलीकडच्यांना नुसता आवाज. पाहुणे आले की मला घडी घालून मंचामागे ढकलतात, मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून फोटो काढतात, आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली रे पडली की मला पुन्हा ओढून आणतात. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे! मला या सगळ्याची शिसारी येते.

पलीकडे, अगदी मला खेटून, सफाईवाल्या मावशींची मुलगी बसते. नुसतं ऐकून ती मनातल्या मनात गणितं सोडवायची. एकदा बाईंनी अवघड गणित घातलं आणि माझ्या मागून झटकन उत्तर आलं.

"शाब्बास! कोण गं ते?"

"मी, बाई. इकडून."

बाईंनी तोंड आंबट केलं. "तुला कुणी विचारलं होतं?"

दुसऱ्याच दिवशी माझ्या अंगावर जाड गादी ठोकली. इकडच्या मुलांचं लक्ष उडतं म्हणे! आता तिला धड आवाजही येत नाही. ती माझ्या कडेला कान लावून बसते. "बाई, पुन्हा सांगा ना," म्हणते. ते गादीतच मुरतं. गणित तिच्या हातून सुटत चाललंय आणि मी मध्ये ढिम्म उभा.

शाळा सुटली की मला पुसते ती तिचीच आई. "नीट पूस हं, महागाचं लाकूड आहे," मुख्याध्यापिकाबाई बजावतात. मावशी "हो बाई" म्हणतात आणि फडकं पिळतात. मला स्वतःचीच किळस येते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी हात जोडून उलटं सांगतो, मला जपू नका. गादी फाडा, बिजागऱ्या उखडा. लाकूड अजून दणकट आहे, त्याचा लांबलचक बाक होईल. तो फळ्यासमोर ठेवा, त्यावर सगळे बसा, आणि तिला मधे घ्या. मग बाईंना म्हणा, ते गणित पुन्हा सांगा.