होय, मीच आहे

"आई, मीच आहे गं! कडी काढ!"

शाळेतून धावत आलेल्या पोराचा तो आवाज शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या कानात इतकी वर्षं जिवंत होता. पोर मात्र यंदा अपघातात गेलं. मागे राहिला त्याचा फोन. ती तो रोज चार्ज करायची, पदराने पुसायची, जणू पोराचं तोंडच पुसतेय.

म्हणूनच गेलेल्यांशी फोनवरून भेट घडवणाऱ्या मोबाइलबाबांच्या खचाखच भरलेल्या हॉलमध्ये तो फोन हातात थरथरला, तेव्हा तिचा ऊर भरून आला. स्क्रीनवर प्रश्न होता : कोणीतरी लॉग-इन करत आहे. तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं. 'होय, मीच आहे.' 'नाही, मी नाही.'

"आला! लेक दारात आला!" बाबा गरजले. "नेटवर्क परलोकाचं, रेंज श्रद्धेची! माउली, होय दाबा. नाही म्हणालात तर पोर बाहेरच ताटकळेल!"

लोकांनी हात जोडले. मागच्या खेपेला तिने 'होय' दाबलं होतं, आणि बाबा डोळे मिटून बोलले होते, "लेक म्हणतोय, गुडघ्याचं औषध चुकवू नकोस." लेकाने जिवंतपणी मेसेजमध्ये लिहिलेले अगदी तेच शब्द! मग शंका घेणार कोण?

घेतली तिच्या मुलीने. ती नर्स, ड्यूटीवरून तशीच आलेली. तिने आईचं मनगट धरलं.

"आई, थांब. दादाचा पासवर्ड कुणाला सांगितलास?"

"बाबांच्या त्या शिष्याला. म्हणाला, आत्म्याची ओळख पटवायला लागतो."

"आत्म्याला पासवर्ड लागतो?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"ताई, नास्तिकाच्या स्पर्शाने रेंज जाते!" बाबा म्हणाले.

"जाऊ द्या. मी आणते परत."

तिने 'नाही' दाबलं. मग आपल्या फोनवर भावाचं खातं उघडायला घेतलं, आईला विचारून पासवर्ड टाकला. आईच्या हातातला फोन थरथरला. तोच प्रश्न.

"हा घ्या, मीही बोलावला दादाला. पुन्हा बोलावू?"

पुन्हा थरथरला. दरवेळी तिने 'नाही' दाबलं, आणि दरवेळी तिचं बोट जड होत गेलं. कुणीतरी बाबांच्या मागचा पडदा बाजूला ओढला : आत तो शिष्य लॅपटॉपवर दादाचे मेसेज वाचत बसलेला.

"पासवर्ड यांच्याकडे आहेच," ती लोकांना म्हणाली. "मागच्या 'होय'ने हे आत शिरले; पासवर्ड बदलायला पुन्हा 'होय' लागतं. आज ते मिळालं असतं, तर यांनी तो बदलला असता. मग दादाचे फोटो, त्याचा आवाज, सगळ्यासाठी आईला यांच्या पायाशी यावं लागलं असतं. आमच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरवरही असा प्रश्न येतो. आपण स्वतः लॉग-इन करत नसू, तर 'नाही'च दाबायचं. लगेच पासवर्ड बदलायचा, बाकी सगळीकडून लॉग-आउट करायचं. कोड आला तर कुणाला सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही. अहो, देवाला हात जोडा, पण बटण दाबताना डोळे उघडे ठेवा!"

बाबा मागच्या दाराने पसार झाले. रेंज गेली असावी.

बाहेर पायरीवर बसून मायलेकींनी पासवर्ड बदलला. आईने फोन पदराने पुसला.

"मला ठाऊक होतं गं, तो नाही ते," अखेर ती म्हणाली. "पण तिथे लोक विचारायचे, कसा होता हो तुमचा मुलगा? मी सांगत बसायची. घरात तुम्ही सगळ्यांनी त्याचं नाव घेणंच सोडलंत."