शिवायचं नाही

मित्रांनो, या घरातला सगळा धर्म माझ्या टोकावर उभा होता. टोकावर प्रत्यक्षात एक ओलं पातळ असायचं, पण घरात कुणी एवढा फरक करत नसे.

मी एक जुनी सोवळ्याची काठी आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखी पाहिलेली नसेल, म्हणून सांगते. पूजेला नेसायचं वस्त्र धुऊन पिळलं, की ते कुणाचाही हात लागणार नाही अशा उंचीवर वाळत घालतात. आमच्या मधल्या खोलीत छताखाली त्यासाठी एक आडवी वलणी टांगलेली होती. ओलं पातळ माझ्या टोकावर घेऊन वलणीवर टाकायचं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, ओलेत्यानंच, माझ्या मदतीनं ते खाली काढायचं. मग ते नेसून पूजा. मध्येच पातळाला कुणी शिवलं तर सोवळं मोडलं. आणि पातळाला मी शिवते, म्हणून मलाही कुणी शिवायचं नाही.

माझा जन्म बांबूच्या बेटातला. तिथं आम्ही बहिणी दिवसभर एकमेकींना घासून कुरकुरत असायचो. मला त्या गर्दीचा फार कंटाळा यायचा. मग बुरडानं आम्हाला तोडलं. काही बहिणी शिडीला लागल्या, एक झेंड्याला गेली, एकीनं गाद्या झोडपण्यात जन्म काढला. मला मात्र तासून गुळगुळीत केलं. “हिचं नशीब थोर, देवाच्या कामाला चालली,” असं बुरडाची बायको म्हणाली. थोर नशिबात बोलायला कुणी नसतं, हे तिला ठाऊक नसावं. या घरी आल्यापासून मी कोपऱ्यात उभी राहिले. केरसुणीसुद्धा माझ्यापासून हातभर लांब ठेवत.

घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि नात. मुलगा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन दिवसभर शिवायचं आणि मधल्या खोलीत आजी सकाळभर “शिवू नकोस!” म्हणून ओरडायची.

“मी कुठं शिवतेय? बाबा शिवतायत,” नात म्हणायची.

मुलगा मशीन न थांबवता म्हणायचा, “आई, सगळ्यांनीच शिवायचं सोडलं तर खायचं काय?”

आजी हसायची. पण सोवळ्यात हसायची, म्हणजे कुणाकडे न बघता.

पावसाळ्यात माझी खरी किंमत. आजीचा चातुर्मासाचा नेम असे: चार महिने रोज सोवळ्यात पूजा, एक दिवसही खंड नाही. आजोबा गेल्यावर भांडायला हक्काचं माणूस राहिलं नाही, तेव्हापासून हा नेम जास्तच कडक झाला होता. पण पावसाळ्याला नेमाचं काय? काडेपेटी सादळायची, वाती दमट व्हायच्या, सहाणेवरचं गंध वाळायला तयार नसायचं. पातळाचं तर विचारूच नका. आजी माझ्या टोकानं ते खालूनच चाचपायची आणि म्हणायची, “अजून दमटच आहे गं.”

हे ती मला म्हणायची. दुसरं कोण होतं? जवळ येईल त्याला तिनं ‘लांब हो’ म्हटलेलं असायचं. सकाळच्या वेळी आम्ही दोघीच. दोघींनाही कुणी शिवायचं नाही.

यंदा पावसाळा सुरू झाला आणि आजीचा उजवा खांदा आखडला. तिनं ते फक्त मला सांगितलं. मी कुणाला सांगणार?

एका सकाळी तिचा हात कानाच्या वर जाईना. ओलेत्यानं कुडकुडत ती वलणीकडे बघत उभी राहिली. सून दारात आली, हातात अर्धवट काज केलेला सदरा.

“आई, मी काढून देते. अंघोळ करून येते लगेच.”

“आणि ओलेत्यानं उभी राहणार? रात्रभर खोकत होतीस. तापानं पडशील.”

“मग तुमचा खांदा तरी चोळते.”

“पूजा झाल्यावर.”

“अहो, पण पूजा होणार कशी?”

“होईल. तू लांब हो.”

खांदा चोळल्याशिवाय हात उठणार नाही, हात उठल्याशिवाय पातळ निघणार नाही, पातळ निघाल्याशिवाय पूजा नाही, आणि पूजा झाल्याशिवाय खांद्याला कुणी शिवायचं नाही. मित्रांनो, मी बांबू आहे, आतून पोकळ. तरी मला यात काहीतरी घोळ वाटला.

आजीनं मला डाव्या हातात घेतलं. मी थरथरत वर गेले. पातळाची कड टोकाला लागली, पातळ सरकलं, आणि त्याच वेळी आजीचा ओला पाय फरशीवरून निसटला.

मी बाजूला पडले. पातळ माझ्यावर पडलं. आजी पडली नाही, कारण सुनेनं सदरा टाकून तिला दोन्ही हातांनी कवेत धरलं होतं.

मशीन थांबलं.

“आईनं आजीला शिवलं!” नात ओरडली.

“चुकलं, आई,” सून म्हणाली. “पण तुम्ही पडला असता.” बोलताना तिनं हात काही सोडले नाहीत.

आजीच्या अंगावरचं ओलेतं सुनेच्या साडीला भिजवत होतं. मग ती हळूच म्हणाली, “किती ऊन आहेत गं तुझे हात.” आणि थोड्या वेळानं, नेहमीच्या आवाजात: “आता धरलंच आहेस, तर खांदा चोळ.”

त्या दिवशी पूजा सुनेनं केली आणि आजीनं खाटेवरून चुका काढल्या. नेमात खंड पडला की नाही, यावर घरात दोन मतं आहेत. देवानं अजून काही कळवलेलं नाही. पातळं आता पुढच्या खोलीत दोरीवर, शिवलेल्या कपड्यांच्या शेजारी वाळतात. दमट हवेबद्दल आजी हल्ली सुनेशी बोलते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं थोडं वेगळं आहे. जपा, पण अधूनमधून हातही लावा.

माझ्याबाबतीत ती सोय झाली आहे. पाऊस वाढला की मोरी तुंबते, आणि मोरीत घालायला घरात माझ्याइतकं लांब दुसरं काही नाही.