सव्वादोन मिनिटं

"अहो, वायर कापलीत? परत जोडता येईल ना?" मार्लिसबाईंनी वाकून विचारलं.

"जोडायलाच कापलीय, बाई," पलंगाखालच्या कप्प्यात अर्धा शिरलेला व्हर्लिन म्हणाला.

ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या या कॅम्पात अकरा वर्षं तो लोकांची चाकांवरची घरं दुरुस्त करत होता. स्वतःही तशाच एका घरात एकटा राहत होता. हिवाळ्यात इथे चारशे गाड्या लागत आणि मार्च सरता सरता एकेक करून उत्तरेला परतत. त्याला याची सवय झाली होती. यंदा मात्र ती सवय कामाला येत नव्हती.

मार्लिसबाईंचा नवरा आर्डन दोन वर्षांपूर्वी वारला. या हिवाळ्यात बाई मिनेसोटाहून पहिल्यांदाच एकट्या गाडी हाकत आल्या. वाटेत एका कॅम्पात विजेचा दाब भलताच वाढला आणि फ्रिज जळाला. नवा फ्रिज व्हर्लिनने बसवला, मग पायरी दुरुस्त केली, मग नळ. काम झालं की बाई त्यांच्याकडची बटाट्याची पातळ पोळी लोणी-साखर लावून पुढे करत. चार महिन्यांत त्याला त्या पोळीची चटक लागली. खरं तर पोळीची नव्हे, समोर कुणीतरी बसलेलं असण्याची.

आजचं काम शेवटचं होतं. खांबावरून येणारी वीज आधी तपासायची आणि बरी नसेल तर दारातच अडवायची, असा डबा बसवायचा होता. तो बसल्याशिवाय निघायचं नाही, अशी बाईंच्या लेकीने अट घातली होती. म्हणजे तो बसला की बाई निघणार.

तासाभराचं काम त्याने तीन तास पुरवलं. शेवटी बाहेर जाऊन खांबावरचा खटका वर केला आणि आत आला. दिवा लागला नाही. फ्रिज गप्प होता.

"बिघडलेलाच निघाला वाटतं," बाई म्हणाल्या. "दुसरा मागवायला आठवडा तरी जाईल. थांबावंच लागेल मला."

डबा बिघडला नव्हता. वीज आत सोडण्याआधी तो सव्वादोन मिनिटं तपासणी करत बसतो, एवढंच. व्हर्लिनने नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"चांगला आहे, बाई," तो म्हणाला. "जरा वेळ घेतो. आत्ता लागेल दिवा."

दोघं उभी राहिली. खट्ट आवाज झाला, दिवा लागला.

"हो की," बाई म्हणाल्या आणि स्वच्छ ओटा पुसायला लागल्या.

"आता तुम्हाला वाटेत कुणाची गरज लागायची नाही." हे त्याने अभिमानाने सांगितलं आणि एकेक हत्यार पुसून पेटीत ठेवायला लागला.

सकाळी नऊला गाडी निघाली. इथल्या रीतीप्रमाणे शेजारीपाजारी खुर्च्यांवरून उठून रस्त्याकडेला आले. व्हर्लिनपाशी येताच बाईंनी गाडी थांबवून काच खाली केली.

"व्हर्लिन, ते सव्वादोन मिनिटांचं मला माहीत होतं हं. डब्याबरोबरची पुस्तिका मी आदल्या दिवशीच वाचली होती."

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली.

"जपून राहा," बाई म्हणाल्या आणि काच वर केली.

सगळ्यांनी हात हलवले. व्हर्लिनच्या हातात टोपी होती, ती तशीच राहिली.

एक वाजता त्याला पुढचं काम होतं. तो वेळेवर गेला.