तीनशे दिवसांचा जल्लोष

आमच्या धुलाई कारखान्याच्या दारात फळा आहे. शनिवारी त्यावर लिहिलं, ‘अपघाताविना ३०० दिवस’. धडधडीत खोटं. दहाच दिवसांपूर्वी वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरने खाल्ली. रोलरपुढची जाळी महिनाभर तुटलेली होती. पण आमच्याकडे जखमी माणसाकडून घरगुती कारणाची रजा लिहून घेतात, म्हणजे आकडा मोडत नाही. वहिनीने डाव्या हाताने सही केली.

मी घड्या घालतो. अक्षर बरं म्हणून भिंतीवरचं पत्रकही माझ्याच गळ्यात. साहेबांनी बोलावलं तेव्हा ते केक हाणत होते. एकेका बोटावरचं क्रीम चाटत म्हणाले, "मथळा दे, कामगारांचा जल्लोष. खाली चार ओळी खरड."

मी कोरा कागद घेऊन घरी आलो.

वहिनीला जल्लोषाचं सोयरसुतक नव्हतं. तिचा जीव अडकला होता जाळीत. अपघात कागदावर आला नाही तर जाळी बसणार नाही, आणि सोमवारपासून त्याच रोलरवर तिच्या पोरीची पाळी. दादा म्हणाला, नसतं लचांड नको, तुझी आणि पोरीची, दोघांच्या नोकऱ्या जातील. पोटच्या पोरीबद्दल असं बोलला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्हाला लिहिता येतं ना? मग लिहा."

सोमवारी सकाळी मी पत्रक डकवलं.

‘जल्लोष: आनंद पोटात मावेनासा झाला की माणसं ओरडतात, नाचतात, तो. आपोआप होतो, हुकमाने होत नाही. वाक्यात उपयोग: चार नंबरच्या रोलरने एका बाईची दोन बोटं घेतली आणि दहाव्या दिवशी साहेबांनी केक खाऊन जल्लोष केला. जाळी अजून तुटलेलीच आहे.’

साहेब म्हणाले, फाड. मी म्हणालो, तुम्हीच फाडा. त्यांनी नखांनी खरवडून काढलं, पण तोवर सगळ्या बायकांचं वाचून झालं होतं.

पोरगी चार नंबरपुढे हाताची घडी घालून उभी राहिली. साहेब तिच्यावर खेकसले.

"जाळी लावा, मग चालू करते."

शेजारचा रोलर थांबला. मग त्याच्या पलीकडचा.

मला दुपारीच हाकललं. संध्याकाळी पोरगी घरी आली, चपला काढता काढता म्हणाली, काका, बसवली. वहिनीने तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटसुलट करून कितीतरी वेळ बघत राहिली.