भिंतीकडे तोंड

नगरहून साहेब येणार हे कळल्यापासून लालमहंमद मास्तरांना घास गोड लागेना. आमच्या गावच्या नव्या हायस्कुलात ते भूगोल शिकवायचे. साहेब वर्गात मागे बसून त्यांचा धडा बघणार आणि नोकरी पक्की की घरी जा, ते ठरवणार. आधीच्या मास्तरांना अशाच एका धड्यानंतर बिऱ्हाड बैलगाडीत घालावं लागलं होतं.

"मास्तर, भिऊ नका. समदा गाव तुमच्या मागं हाय," आबासाहेब पाटील म्हणाले.

आणि आमची अक्कल बघा! पाहुण्याला एकटं बसवणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही धुतलेले फेटे बांधून वर्गात गेलो आणि साहेबांच्या दोन्ही अंगांना भिंतीला टेकून बसलो.

मास्तरांनी नकाशा लावला. "आपल्याकडं पाऊस कमी का पडतो?"

एक पोर बोलेल तर शपथ. आबांचा नातू गोरक्ष रोज सगळ्यांच्या आधी बोलणारा, पण तोही मान खाली घालून बसला. मास्तरांनी पुन्हा विचारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. हातातली छडी नकाशावर थरथरायला लागली. साहेबांनी शेरा लिहायला खिशातून पेन काढलं.

आमच्यातला पुंजाराम आबांच्या कानाला लागला. "आबा, पोरं आपल्यामुळं गप हायती. वडीलधाऱ्यांम्होरं बोलायचं न्हाई, ह्ये आपुनच शिकीवलंय न्हवं?"

आबांचा चेहरा पडला. उठून जावं तर साहेबांचा अपमान. शेवटी ते हळूच म्हणाले, "समदे भिंतीकडं तोंड करा रं."

आम्ही सगळे वळलो. नाकापुढं चुना आणि पाठीमागं काय चाललंय याची धास्ती. मग गोरक्षचा आवाज आला.

"गुरुजी, सह्याद्री आडवा येतोय. ढग तकडंच रिते हुत्यात!"

त्याच्यामागून सगळा वर्ग बोलायला लागला. पण मास्तरांचा शब्द काही ऐकू येईना. नुसती छडी नकाशावर टकटक वाजत होती.

भिंतीकडेच तोंड ठेवून आबा म्हणाले, "सायब, रागावू नगा. तुमीबी जरा हिकडं तोंड करा. मंग मास्तरबी बोलत्याल."

आता मास्तरांबरोबर आमचंही काही खरं नाही, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

खुर्ची करकरली. डोळे उघडून बघतो तर साहेब माझ्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून बसलेले.

आणि पाठीमागून मास्तरांचा आवाज आला. आधी चिरका, मग रोजचा.