दोन दाढांच्या मध्ये

नमिताने दोन दाढांच्या मध्ये प्लास्टिकची छोटी पाचर हळूच सरकवली, तसा दिपिकाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"दुखतंय?"

तोंडावर रबरी पडदा ताणलेला असल्याने दिपिकाला बोलता येत नव्हतं. तिने नकारार्थी बोट हलवलं. नजर मात्र दाराशी उभ्या असलेल्या कमळाकरांवर होती.

रोह्यातला हा दवाखाना कमळाकरांनी चाळीस वर्षं चालवला आणि सत्तरी उलटल्यावर मुलीच्या हवाली केला. खांब गावची दिपिका अकरा वर्षांची असताना त्यांच्या ड्रिलचा आवाज ऐकून याच खुर्चीवरून उठून पळाली होती. आता ती कंपनीत शिफ्ट करायची. गेल्या आठवड्यात एक्स-रेत दाढांच्या मधली कीड दिसली, तेव्हा तिने पहिला प्रश्न केला होता, "मशीन नाय ना लावणार, मोठ्या डॉक्टरांसारखं?"

नाही, असं नमिताने सांगितलं होतं. कीड अजून वरच्याच थरात होती, खड्डा पडला नव्हता.

कमळाकरांना ते पटलं नव्हतं. दोन दाढांच्या मधल्या किडीपर्यंत पोहोचायचं तर दाताचा वरचा चांगला भाग कोरावाच लागतो. त्यांनी तो हजारो वेळा कोरला होता. म्हणूनच आज ते बघायला आले होते.

"बाबा, भिंगाचा चष्मा लावा. इकडून बघा."

ते वाकले. फटीच्या कडेला खडूसारखा निस्तेज पांढरा ठिपका होता. नमिताने त्यावर आम्लाची जेल लावली, दोन मिनिटं थांबून धुतली, हवेने वाळवलं. ठिपका आणखीच पांढरा झाला.

"आता स्पिरिट."

थेंब लागला आणि ठिपका नाहीसा झाला. कमळाकर आणखी पुढे झुकले. स्पिरिट उडून गेलं तसा तो पुन्हा उमटला.

"बारीक भोकं आहेत तिथे," नमिता म्हणाली. "आता त्यातून राळ, म्हणजे रेझिन, आत जाईल. पाण्यासारखी पातळ असते. आपण काही ढकलायचं नाही, दात स्वतःच ओढून घेतो."

तिने सिरिंजचा स्क्रू फिरवला. पुढची तीन मिनिटं तिची नजर फटीवरच होती. फटीतला ओला थेंब कमी होत होता, नमिता पुन्हा थोडा सोडत होती आणि ठिपका कडेकडून विझत चालला होता. मग राळ घट्ट व्हावी म्हणून तिने निळा प्रकाश धरला, राळ पुन्हा एकदा लावली, पुन्हा प्रकाश धरला.

ठिपका परत आला नाही.

"प्यायला," कमळाकर पुटपुटले. "दात प्यायला गो."

पडदा काढल्यावर दिपिकाने जीभ फिरवून पाहिली.

"झालं? कायच नाय केलंत तुम्ही!"

"केलंय. वर्षाने एक्स-रे काढायला ये. राळ एक्स-रेत दिसत नाही, डाग तसाच दिसेल. फक्त वाढलेला नसला पाहिजे. आणि मधली फट रोज दोऱ्याने साफ करायची."

"व्हय." दिपिका उठली. दाराशी कमळाकरांसमोर क्षणभर थांबून हसली. "येते, मोठे डॉक्टर."

ती गेल्यावरही कमळाकरांनी चष्मा काढला नाही. संगणकाच्या पडद्यावरच्या एक्स-रेकडे बघत ते उभे राहिले.

"नमू, तू नववीत असताना तुझी डावीकडची दाढ कोरली मी. एवढाच डाग होता."

नमिता ट्रे पुसत होती. "तेव्हा हे नव्हतं, बाबा."

"वरचा भाग चांगला होता गो. धडधाकट. तोच कोरून काढला."

नमिताने ट्रे खाली ठेवला. मास्क काढून ती खुर्चीत बसली, दिवा स्वतःच्या तोंडावर ओढून घेतला आणि आ केला.

कमळाकर थोडे घुटमळले. मग हात धुऊन, हातमोजे घालून त्यांनी आरसा आणि टोकदार सळई उचलली. सव्वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी काळवंडली होती. भिंगातून ती त्यांना एखाद्या तळ्याएवढी दिसली. चांदी आणि दात जिथे मिळत होते त्या रेषेवरून त्यांनी सळईचं टोक फिरवलं. कडेला फट पडली असती तर ते अडकलं असतं; ते कुठेच अडकलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा, अगदी सावकाश, सगळी कड तपासली. तरीही अडकलं नाही.

"मितू तोंद?" नमिताने उघड्या तोंडानेच विचारलं.

"थांब जरा," कमळाकर म्हणाले. "बघू दे."